चष्म्याच्या काचा कुणी घासल्या?

मित्रांनो, आधी एक कबुली. त्या दिवशी टाळ्या मीही वाजवल्या होत्या.

गेल्या हिवाळ्यातली गोष्ट. गावातल्या एका सभागृहात व्याख्यान होतं. विषय मोठा भारदस्त : भारतीय परंपरा आणि पाश्चात्त्यांचा चष्मा. आपली आठदहा पोरं गेली होती. मी सूतगिरणीतून पहिली पाळी करून तसाच गेलो. केसांत रुई, पाठीत कळ. शेवटच्या रांगेत बसलो.

वक्ते झब्बेवाले, गळा गोड. म्हणाले, गोऱ्यांनी आपल्याला आपल्या डोळ्यांनी बघूच दिलं नाही. तुम्ही मागासलेले आहात हे त्यांनी शिकवलं. त्यांनी आपल्याला खानेसुमारीत मोजलं, जातीजातीत कापलं. अहो, 'कास्ट' हा शब्दच मुळी पोर्तुगीजांचा! चष्मा काढा, मग दिसेल की आपली परंपरा एकमेकांत गुंफलेली होती, ज्याचं त्याचं काम होतं, ज्याचा त्याचा मान होता. भेद बाहेरून आला.

टाळ्या पडल्या. साहेबाला शिव्या दिल्या की कुणालाही बरं वाटतं. मलाही वाटलं. घरी चालत येताना मात्र पायाला खडा टोचावा तसा प्रश्न टोचायला लागला. चष्मा काढायचा, कबूल. पण मग बघायचं ते कुणाच्या डोळ्यांनी? आणि त्या चष्म्याच्या काचा घासल्या कुणी?

मी बारावी नापास माणूस. रात्रपाळीच्या दुसऱ्या दिवशी झोप मारून वाचनालयात बसतो, तेवढंच माझं विद्यापीठ. जे सापडलं ते तुमच्यासमोर ठेवतो. चुकलो तर पुढच्या अंकात सोला मला. पण वाचल्याशिवाय पुन्हा टाळ्या वाजवू नका.

१

व्याख्यानाच्याच महिन्यात वस्तीत एक परदेशी अभ्यासक बाई आल्या. एका कॉलेजच्या सरांनी आणलं होतं. बाई वाईट नव्हत्या, हे आधी लिहितो. सतरंजीवर बसल्या, भाकरी खाल्ली, चहा प्यायल्या. आपल्या गावातले परंपरेचे अभिमानी आपल्या घरी किती चहा पितात ते तुम्हाला ठाऊक आहे.

बाईंना हलगी ऐकायची होती. पोतराज बघायचा होता. मरीआईची गाणी हवी होती. पोरांनी पळापळ करून कुठून तरी हलगी पैदा केली. बाईंचे डोळे चमकले, रेकॉर्डर चालू झाला. मग आम्ही त्यांना विहार दाखवला, विहारातली पोरांची अभ्यासिका दाखवली, स्पर्धा परीक्षेची फाटकी पुस्तकं दाखवली. रेकॉर्डर बंद. त्यात त्यांना 'संस्कृती' दिसली नाही.

शेवटी त्यांनी माझ्या आजोबांना विचारलं. सर मराठी करून सांगत होते : तुम्ही धर्म बदलला. तुमचे देव गेले, सण गेले, मूळ संस्कृती गेली. काही हरवल्यासारखं वाटत नाही का?

आजोबा ऐंशीला टेकलेत. मुंबईच्या गिरणीत त्रासन खात्यात होते, १९८२च्या संपानंतर ट्रंक उचलून गावी आले ते आलेच. त्यांनी पान थुंकलं आणि म्हणाले, "हरवलं न्हाई, बाई. हरवतं ते आपसूक पडतं. आमी सोडलं."

मग त्यांनी सांगितलं. १९५६च्या डिसेंबरात बाबासाहेब गेले, त्यानंतरची गोष्ट. आजोबा तेव्हा दहा वर्षांचे. त्यांच्या बानं देव्हाऱ्यातले टाक काढले. खंडोबाचा, मरीआईचा, वाडवडलांचा. सगळे टोपलीत घातले. टोपली पोराच्या डोक्यावर दिली. पणजी उंबऱ्यात बसून रडत होती. बा तिला म्हणाला, "रड. पन हात लावू नगंस." नदीवर गेले. एकेक टाक पाण्यात सोडला. येताना पोरानं विचारलं, बा, देव कोपला तर? बा म्हणाला, "आजवर काय कमी कोपला व्हता?" घरी आल्यावर रिकामी टोपली पणजीपुढं ठेवली आणि सांगितलं, आता हिच्यात जवारी भर.

सरांनी यातलं किती त्या बाईंना सांगितलं मला माहीत नाही. मला इंग्रजी येत नाही. पण बाईंच्या चेहऱ्यावर हळहळ होती. पणजीच्या रडण्याची हळहळ. बाच्या हिमतीची नव्हे.

मित्रांनो, पश्चिमेच्या या हळहळीतच त्यांचं गृहीतक लपलेलं आहे. संस्कृती म्हणजे जुनी, रंगीत, न बदलणारी वस्तू. ती एकेका जमातीला कातडीसारखी चिकटलेली असते. सोडली की माणूस उघडा पडला. हा नियम त्यांना स्वतःला मात्र लागू नाही बरं का! फ्रान्सच्या लोकांनी १७९३ साली राजाचं मुंडकं उडवलं, त्याला ते क्रांती म्हणतात, इतिहास म्हणतात, दरवर्षी सुट्टी घेऊन नाचतात. माझ्या पणजोबानं कुणाच्या केसालाही धक्का न लावता देव पाण्यात सोडले, त्याला म्हणायचं संस्कृतीचा ऱ्हास! त्यांनी टाकलं की प्रगती. आम्ही टाकलं की पोरकेपण. का? आम्ही विचार करून काही टाकू शकतो, हेच डोक्यात बसत नाही म्हणून. काळ्या माणसानं वाजवावं, नाचावं, आणि गोऱ्या माणसानं ते टिपून घ्यावं.

आणि झब्बेवाले वक्ते? तेही तेच सांगत होते. टाकू नका, मुळांकडे या. बाई प्रेमापोटी सांगत होत्या, वक्ते सोयीपोटी. पण दोघांचा हात आपल्या खांद्यावर आहे आणि दोघंही आपल्याला एकाच जागी बसवू बघताहेत. गावकुसाबाहेर. हलगीपाशी.

२

आता काचांकडे येऊ.

१७७२ साली बंगालचा गव्हर्नर वॉरन हेस्टिंग्ज यानं ठरवलं की हिंदूंचे वारसा, लग्न, जात यांचे खटले शास्त्राप्रमाणे चालवायचे. शास्त्र कुठं मिळणार? पंडिताकडे. मग ११ पंडित बसवले. त्यांनी संस्कृतात संकलन केलं, त्याचं फारसी झालं, फारसीचं हॅल्हेडसाहेबानं इंग्रजी केलं आणि १७७६ साली ते कायद्याचं पुस्तक म्हणून छापलं. त्या ११ जणांत एक तरी चांभार होता का? कुणबी होता का? एक तरी बाई होती का? पुढं १७९४ साली विल्यम जोन्सनं मनूचं पुस्तक इंग्रजीत आणलं. जी मनुस्मृती खेड्यातल्या शेतकऱ्यानं डोळ्यांनी बघितली नव्हती, ती साहेबाच्या कोर्टात अख्ख्या हिंदुस्थानाची वही झाली.

पुण्यात पेशवाई बुडाली १८१८ला. तीनच वर्षांनी, १८२१ साली, त्याच पुण्यात इंग्रजानं संस्कृत पाठशाळा काढली. पेशव्याच्या दक्षिणेचा पैसा तिकडे वळवला. राज्य बदललं, दक्षिणा चालूच. मॅक्सम्युलरसाहेबानं १८४९ ते १८७४ अशी पंचवीस वर्षं घालवून ऋग्वेद छापला. काम सुरू झालं कंपनीच्या पैशावर. हा माणूस जन्मात एकदाही हिंदुस्थानात आला नाही. त्याला इथला माणूस बघायची गरजच पडली नाही. पोथी पुरली.

म्हणजे बघा. साहेबानं विचारलं, भारत म्हणजे काय? उत्तर दिलं भटजीनं. साहेबानं ते इंग्रजीत लिहिलं, सोनेरी पुठ्ठ्यात बांधलं. शंभर वर्षांनी भटजीचा नातू कॉलेजात गेला, तेच पुस्तक वाचलं आणि म्हणाला, बघा, गोरेसुद्धा म्हणतात आमची परंपरा थोर! आता त्याचा पणतू म्हणतोय, हा गोऱ्यांचा चष्मा आहे, फेकून द्या. अरे बाबा, काच तुझ्याच घरात घासलेली आहे! फ्रेम तेवढी विलायती.

हा सगळा व्यवहार सर्वात आधी ओळखला जोतीरावांनी. १८८२ साली हंटर कमिशनपुढं निवेदन दिलं, त्यात त्यांनी सरकारच्या तोंडावर सांगितलं की पैसा गोळा होतो रयतेच्या घामातून आणि खर्च होतो वरच्या जातींच्या उच्च शिक्षणावर. वसाहतवादावर टीका? ही घ्या टीका! इंग्रजाच्या राज्यात, इंग्रजाच्या तोंडावर, आणि भटशाहीलाही न सोडता. त्याच जोतीरावांनी १८७३ साली 'गुलामगिरी' अर्पण केली ती गुलामांना मुक्त करणाऱ्या अमेरिकेतल्या लोकांना. गोरा म्हणून कुणाला डोक्यावर घेतलं नाही, गोरा म्हणून कुणाला टाकलंही नाही. जिथं माणूस मोकळा होतो तिथं सलाम, जिथं माणूस नाडला जातो तिथं आसूड. ही आपली मोजपट्टी.

३

आपल्या पोरांना वाटतं, पश्चिमेला प्रश्न विचारणं हे नवं फॅड आहे, विद्यापीठातून आलंय. ऐका.

९ मे १९१६. न्यूयॉर्क. कोलंबिया विद्यापीठातला एक वर्ग. पंचवीस वर्षांचा एक महाराचा पोरगा उभा राहिला आणि जातीवर निबंध वाचला. मी आज पंचवीसचा आहे. या वयात मी रिंगफ्रेमवर तुटलेली तार जोडतोय. त्या वयात बाबासाहेब काय म्हणाले? युरोपियन पंडितांची नावं घेऊन त्यांची मतं एकेक करून तपासली. सांगितलं की या लोकांच्या डोक्यात स्वतःच्या देशातला कातडीच्या रंगाचा भेद भरलेला आहे, म्हणून त्यांना आमच्या जातीतही रंगच दिसतो. जात रंगावर उभी नाही. ती उभी आहे जातीतल्या जातीत लग्न करण्यावर, आणि त्यासाठी बाईला जाळण्यावर, विधवा म्हणून कोंडण्यावर, पोरवयात उजवून टाकण्यावर.

शंभरावर वर्षं झाली या गोष्टीला. गोऱ्यांच्या देशात, गोऱ्या मास्तरांसमोर, गोऱ्यांची काच त्यांच्याच हातात काढून दिली.

साहेबाचा आणखी एक नाद होता, नाकं मोजायचा. १९०१च्या खानेसुमारीचा मुख्य अधिकारी रिस्ले. त्याचं म्हणणं, नाक जितकं चपटं तितकी जात खालची. म्हणजे ब्राह्मण आर्य, आणि आम्ही कुठल्या तरी हरलेल्या वेगळ्या वंशाचे. ब्राह्मणांना हे केवढं गोड लागलं! एका झटक्यात ते इंग्रजांचे चुलतभाऊ झाले. बाबासाहेबांनी १९४६ साली 'शूद्र पूर्वी कोण होते?' लिहून आर्य वंशाची ही हवेली पाडली. १९४८ साली अस्पृश्यांवरच्या ग्रंथात त्याच नाकांची मोजमापं घेऊन दाखवून दिलं की ब्राह्मण आणि अस्पृश्य वेगळ्या वंशाचे नाहीत. त्यांच्याच पट्टीनं त्यांचंच माप चुकीचं ठरवलं.

आणि लष्कर? भीमा कोरेगावच्या स्तंभावर १८१८च्या लढाईत पडलेल्या महारांची नावं इंग्रजानंच कोरली. त्याच इंग्रजानं १८९०च्या दशकाच्या सुरुवातीला महारांची भरती बंद केली. का, तर म्हणे काही जाती जन्मतः लढवय्या, बाकीच्या नाहीत. हे तर मनूचंच बोलणं, फक्त लष्करी इंग्रजीत! गोपाळबाबा वलंगकरांनी १८९४ साली सरकारला अर्ज केला. महार रेजिमेंट उभी राहायला १९४१ उजाडलं.

तेव्हा कुणी विचारलं, तुम्ही आंबेडकरवादी पश्चिमेचे भक्त का, तर त्याला हा हिशेब दाखवा. पश्चिमेला आमच्याइतके कडक प्रश्न या देशात फार कुणी विचारले नाहीत. फरक एवढाच की साहेबाची कॉलर धरताना आम्ही भटजीचं उपरणं सोडलं नाही.

४

आता त्या 'जात इंग्रजांनी आणली' या गोष्टीचं बघू.

आमच्या सोलापूर जिल्ह्यात मंगळवेढं आहे. १३३८ साली तिथल्या गावकुसाचं बांधकाम चालू होतं, वेठीचे महार कामाला होते. भिंत कोसळली, माणसं खाली गाडली गेली, त्यात चोखामेळा होता. त्याची हाडं नेऊन पंढरपूरच्या महाद्वारापाशी पुरली. आत नाही. पायरीशी. वास्को द गामाचा खापरपणजोबा तरी तेव्हा जन्मला होता की नाही! त्या पायरीवरून आत जायला चोख्याच्या लेकरांना किती वर्षं लागली? १९४७च्या मेमध्ये साने गुरुजी उपोषणाला बसले, त्यानंतर देऊळ उघडलं. १३३८ ते १९४७. सहाशे नऊ वर्षं. यातली इंग्रजांची किती? सव्वाशे, दीडशे. बाकीचा हिशेब कुणी द्यायचा?

खोटं बोलायचं नाही म्हणून हेही लिहितो. इंग्रजानं जातीला शिक्का मारला, कोष्टक केलं, कोर्टात पक्कं केलं. वर लिहिलंच आहे मी. पण वळ उठवणारा वेगळा आणि वळ मोजून वहीत लिहिणारा वेगळा. आज काही विद्वान वहीवर खटला भरताहेत आणि चाबूकवाल्याला साक्षीदार करताहेत.

आणि हे नुसतं पंडिती भांडण नाही. २०२३च्या फेब्रुवारीत अमेरिकेत सिएटल शहरानं जातिभेदाविरुद्ध कायदा केला. त्याच वर्षी कॅलिफोर्नियाच्या विधिमंडळानं तसंच विधेयक मंजूर केलं, ऑक्टोबरात तिथल्या गव्हर्नरनं नकाराधिकार वापरून ते अडवलं. विरोध कोण करत होतं? आपल्याच देशातून गेलेले शिकले-सवरलेले लोक. त्यांच्यातल्या काहींचं म्हणणं काय, तर जात ही वसाहतवाद्यांनी लादलेली कल्पना आहे! बघा, इथल्या सभागृहात टाळ्या घेणारं वाक्य सातासमुद्रापार कुणाच्या मानेवर पडतं ते. ज्या पोरानं तिथल्या कंपनीत जातीचा जाच सोसला, त्याला सांगायचं, बाबा, तुझा जाचच पोर्तुगीज आहे.

५

आता लाल झेंड्याच्या मित्रांनाही थोडं.

१८५३ साली मार्क्सनं न्यूयॉर्कच्या एका वर्तमानपत्रात हिंदुस्थानावर लिहिलं. त्याचा अंदाज असा की रेल्वे येईल, कारखाने येतील आणि पिढीजात कामाची वाटणी, जिच्यावर जात उभी आहे, ती विरघळून जाईल. मार्क्सला मी मानतो. कामगाराची बाजू एवढ्या ताकदीनं कुणी मांडली? पण हा अंदाज लंडनात बसून बांधलेला होता. युरोपात यंत्र आलं आणि जुनं समाजजीवन मोडलं, म्हणून सगळीकडे तसंच होणार, हेसुद्धा पश्चिमेचंच गृहीतक.

मुंबईत रेल्वे त्याच साली सुरू झाली. १८५६ला पहिली गिरणी चालू झाली. यंत्र विलायतेचं, वाफ विलायतेची. आणि आत? आमचे लोक त्रासन खात्यात चालत, विणाई खात्यात चालत नसत. विणाईत पगार जास्त. कारण काय? कांडी संपली की नवी कांडी धोट्यात घालून धाग्याचं टोक धोट्याच्या भोकातून तोंडानं ओढून घ्यावं लागे. म्हणजे महाराचं तोंड लागलेला धोटा मराठ्याच्या तोंडाला लागणार! मँचेस्टरचा माग आला, पण त्याच्या धोट्याला विटाळ इथला लागला. १९२८च्या मोठ्या संपात बाबासाहेबांना संपाच्या पुढाऱ्यांना बजावावं लागलं की विणाई खातं अस्पृश्यांना मोकळं करण्याची मागणी यादीत घ्या, नाहीतर आमच्या लोकांनी संपात का यावं? संप कामगारांचा, पण ही मागणी यादीत यायला भांडावं लागलं. पुढं १९३६ साली त्यांनी लिहिलं ते याच अनुभवावरचं समजा : जात नुसती कामं वाटत नाही, काम करणाऱ्यांना एकमेकांपासून तोडते आणि एकाला दुसऱ्याच्या डोक्यावर बसवते.

आज धोटा तोंडानं ओढावा लागत नाही. माझ्या गिरणीत तर मागच नाहीत, नुसतं सूत. पण जेवणाच्या सुट्टीत डबे कसे उघडतात ते येऊन बघा. घोळके आडनावांवर पडतात. आणि संडास तुंबला की कुणाला हाक जाते हे सांगायला मार्क्स नको, मनू नको. हजेरीपट वाचला तरी कळतं.

६

सगळ्यात मोठं गृहीतक शेवटी घेतो. कारण ते साहेबालाही प्रिय आणि वक्त्यांनाही. ते असं : बुद्धी पश्चिमेची, श्रद्धा भारताची. प्रश्न विचारणं तिकडलं, नमस्कार करणं इकडलं. समता फ्रान्सची, समरसता आपली.

साहेब हे म्हणतो कारण मग राज्य करायला तोच लायक. भटजी हे म्हणतो कारण मग जो प्रश्न विचारील तो परका. म्हणजे मी विचारलं की चोखा पायरीशी का, तर मी पाश्चात्त्य झालो!

अडीच हजार वर्षांमागं केसपुत्त नावाच्या गावात कालाम लोकांनी बुद्धाला विचारलं, एक साधू येतो, आपलंच खरं म्हणतो. दुसरा येतो, तो आपलंच खरं म्हणतो. आम्ही धरायचं काय? बुद्धानं त्यांना सांगितल्याचा मथितार्थ असा : चालत आलंय म्हणून धरू नका. ग्रंथात आहे म्हणून धरू नका. सांगणारा आपला गुरू आहे म्हणूनही धरू नका. स्वतः पारखा. ज्यानं लोभ, द्वेष वाढतो, माणसाचं अहित होतं ते सोडा. ज्यानं हित होतं ते धरा.

हे कुठल्या लंडनात झालं? कुठल्या पॅरिसात? परंपरेला तपासून घ्या, हे सांगणारी परंपरा इथलीच आहे. इथल्याच मातीतली, इथल्याच भाषेतली. बाबासाहेबांनी ३ ऑक्टोबर १९५४च्या आकाशवाणीवरच्या भाषणात म्हणूनच निक्षून सांगितलं की स्वातंत्र्य, समता, बंधुता हे शब्द मी फ्रेंच क्रांतीकडून उसने घेतलेले नाहीत, माझे गुरू बुद्ध यांच्याकडून घेतले आहेत. एकाच वाक्यात दोघांनाही उत्तर. साहेबाला सांगितलं, समतेवर तुझी मालकी नाही. भटजीला सांगितलं, भारतावर तुझी मालकी नाही.

मग माझा पणजोबा नदीवर गेला तो कोण होता? संस्कृती हरवलेला माणूस? नाही मित्रांनो. अंगठाबहाद्दर होता, कालामांचं नावही त्यानं ऐकलं नसेल. पण पारखलं आणि सोडलं. या देशातली सगळ्यात जुनी, सगळ्यात चांगली परंपरा त्या दिवशी त्याच्या हातात होती.

पश्चिमेचं घ्यायचंच नाही, असं नाही. १८१९ साली जॉन स्मिथ नावाचा फौजी साहेब शिकारीला आला, अजिंठ्याच्या लेण्यात शिरला आणि १० नंबरच्या लेण्यातल्या चित्रावर स्वतःचं नाव आणि तारीख कोरून गेला. हे पश्चिमेचं एक तोंड. १८३७ साली टाकसाळीतला अधिकारी जेम्स प्रिन्सेप, त्यानं ब्राह्मी लिपी उलगडली आणि मुका झालेला अशोक बोलता केला. हे दुसरं तोंड. पहिल्याला जाब विचारू. दुसऱ्याचे आभार मानू. दोघांनाही साहेब म्हणून एकाच खात्यात टाकणं हा आळस आहे.

७

आता आपल्या ताटाखालचा अंधार.

बाईंसाठी हलगी शोधून आणणारे आपणच होतो. कुणी बघायला आलं की आपण त्याला हवं ते वाजवून दाखवतो. आणि त्याच वेळी विहारात काय चाललंय? बुद्धाला हार, बाबासाहेबांना अगरबत्ती, हातात दोरे, बारशाला पंचांग. जयंतीला डीजेच्या भिंती आणि अभ्यासिकेला ट्यूबलाइट नाही. बुद्धानं पारखायला सांगितलं, आपण बुद्धालाच न पारखता देव्हाऱ्यात बसवलं. पणजोबानं रिकामी केलेली टोपली आपण पुन्हा भरतोय की काय?

हलगीशी माझं वैर नाही. हलगी कुणाच्या दारात, कुणाच्या हुकमानं वाजते एवढाच प्रश्न आहे. सत्यशोधकांनी तमाशाचा साचा घेऊन जलसे उभे केले. भीमराव कर्डकांनी आंबेडकरी जलसा गावोगाव नेला. वाद्यं तीच होती, ढंग तोच होता, आत विचार भरला होता. आपल्या आज्या जात्यावर देवाच्या ओव्या म्हणत होत्या, त्याच चालीवर भीमाच्या ओव्या म्हणायला लागल्या. कुणी सांगितलं त्यांना? त्यांनी पारखून ठेवलं, पारखून बदललं. संस्कृती म्हणतात ती ही.

म्हणून सांगतो, तीन कामं करा.

एक : वस्तीतली म्हातारी माणसं झपाट्यानं चालली आहेत. १९५६ साली आपल्या घरात काय घडलं, देव कुणी सोडले, कोण रडलं, कोण भांडलं, ते त्यांच्याच तोंडून लिहून घ्या. परदेशी बाई येण्याआधी तुम्ही जा. आणि हळहळायला नव्हे, शिकायला जा.

दोन : १९१६चा तो निबंध मराठीत मिळतो. चार पोरं बसून मोठ्यानं वाचा. अडलं तर थांबा, भांडा, पुढं जा.

तीन : पुन्हा असं व्याख्यान झालं तर पहिल्या रांगेत बसा. टाळ्या राखून ठेवा. वक्ते म्हणतील चष्मा काढा, तेव्हा उभं राहून अदबीनं विचारा : सर, काढला. आता आम्हाला पंढरपूरची पायरी दिसतेय. ती कुणाच्या चष्म्यातून दिसायची बंद होईल?

त्या दिवशी मी हे विचारलं नाही. मागच्या रांगेत बसून टाळ्या वाजवल्या. माझ्या पणजोबानं तेच हात वापरून काय केलं होतं, हे घरी गेल्यावर आठवलं.

ती टोपली आता घरात नाही. वेताची होती, झिजून गेली. पण आजोबा सांगतात, पुढची कितीतरी वर्षं तिच्यात जवारीच असायची.

जय भीम.